मूळ आपल्याकडेच आहे

हमीदभाई आतारांना माणच्या एका कॉम्प्युटर इंजिनिअरने फसवलं, आणि त्या इंजिनिअरला हमीदभाईंच्या दुकानात मी घेऊन गेले. यातली पहिली गोष्ट मी चाकणमध्ये भेटेल त्याला सांगितली आहे. दुसरी आज लिहिते आहे.

हमीदभाईंचं दुकान नाशिक रस्त्याला होतं. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला रसवंती, आणि मधे त्यांचा सात फुटी गाळा. पाटीवर दुकानाच्या नावाखाली दोनच शब्द रंगवलेले होते : समोर बसा. नवीन गिऱ्हाईक कॉम्प्युटर टेबलावर ठेवून 'संध्याकाळी येतो' म्हणून वळायला लागलं की हमीदभाई पाटीकडे बोट दाखवायचे. त्यांच्याकडे मशीन ठेवून जाता यायचं नाही. स्टुलावर बसायचं, ते काय उघडतात, काय काढतात, काय परत लावतात ते डोळ्यांनी बघायचं, आणि काम झालं की घेऊन जायचं. एका दिवसात नाही झालं तर उद्या परत यायचं आणि परत बसायचं. कंपन्यांची माणसं यावर वैतागायची. 'राव, आम्हाला शिफ्ट असते,' म्हणायची. हमीदभाई म्हणायचे, "शिफ्ट सुटल्यावर या. मी हाय. पाठीमागं केलेल्या कामाला दोन मालक असत्यात."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती रडकुंडीला येऊन. माझा लाकडी पॅलेटचा धंदा आहे. कंपन्यांचे सुटे भाग ज्या लाकडी तळांवर ठेवून ट्रकमध्ये चढवतात, ते आम्ही बनवतो. मी दुसऱ्याच्या शेडमध्ये खिळे ठोकायला लागले होते. आता माझी स्वतःची शेड आहे आणि खिळे ठोकायला अकरा माणसं आहेत. त्या वेळी मात्र सगळा धंदा एका कॉम्प्युटरमध्ये होता, गिऱ्हाइकांची सगळी ड्रॉइंग्ज त्यात होती, आणि तो सकाळी उघडलाच नाही. हमीदभाईंनी डिस्क बाहेर काढली, कानाशी धरून हलवली आणि दुसऱ्या एका डिस्कला जोडून नुसते बसून राहिले. मी विचारलं, दुरुस्ती कधी सुरू करणार? ते म्हणाले, "आधी नक्कल, मग अक्कल." म्हणजे आधी आहे त्याची जशीच्या तशी प्रत काढायची, मूळ डिस्क बाजूला ठेवायची, आणि डोकं चालवायचं ते प्रतीवर. हात चुकला तर प्रत बिघडेल, मूळ शाबूत राहील.

चार तास मी त्या स्टुलावर बसले. ड्रॉइंग्ज सगळी आली. मग त्यांनी मजुरी सांगितली आणि मी माझ्या सवयीने निम्म्यावर आणायला निघाले. लाकूडवाले माझ्याशी भाव करताना पाणी मागतात. हमीदभाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, पैसं कमी करायचं असतील तर काम कमी करतो. बोला, यातली कुठली ड्रॉइंग पुसू?"

मला इतका राग आला की पूर्ण पैसे टेबलावर आपटून मी निघाले. रसवंतीपर्यंत पोचले आणि हसू आलं. त्या दिवसापासून माझ्या शेडमधलं एकही यंत्र दुसऱ्या कोणाकडे गेलं नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. डिस्कमधलं परत मिळवलेलं ते कधी उघडून बघायचे नाहीत. एकदा एका बाईच्या लग्नाचे फोटो गेले होते. प्रत पूर्ण झाल्यावर तिने विचारलं, आले का हो फोटो? हमीदभाई उठून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "तुमीच उघडा, तुमीच बघा. दुसऱ्याच्या घरातनं जायचं झालं तर खाली मान घालून जावं." ती बाई मोठ्याने रडायला लागली, म्हणजे फोटो आले होते. हे मात्र पाठमोरेच.

आता ज्यापायी फसवणूक झाली त्या नाण्याची गोष्ट. बरीच वर्षं झाली, हिंजवडीकडे नोकरी करणारा एक मुलगा परदेशी निघाला होता. त्याच्या मशीनचं मोठं काम हमीदभाईंनी केलं, आणि निघायच्या दिवशी त्याच्याकडे रोख काही उरलं नव्हतं. तो म्हणाला, चाचा, बिटकॉइन देऊ का? त्या काळी हा शब्द चाकणमध्ये कोणी ऐकला नव्हता. त्या मुलाने दुकानातल्याच कॉम्प्युटरवर ते नाणं ठेवायच्या पाकिटाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, एक पूर्ण नाणं आणि वर थोडा चुरा त्यात पाठवला आणि पासवर्ड घालायला लावला. टायरवाला पुढे कित्येक महिने विचारायचा, हमीदभाई, हवेतल्या पैशाचा चहा पाजा की. हमीदभाईंनी रीतीप्रमाणे पाकिटाच्या फाइलची नक्कल एका डिस्कवर काढली, तिला फडक्यात गुंडाळलं, वर नाव लिहून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, आणि विसरून गेले. दुकानातला तो कॉम्प्युटर पुढे भंगारात गेला, आणि डब्यातली नक्कल तेवढी मूळ म्हणून उरली.

आठवण झाली ती रस्त्यामुळे. रस्ता रुंद होणार आणि गाळ्यांची ती अख्खी ओळ जाणार हे नक्की झालं. हमीदभाईंचा गाळा भाड्याचा, त्यामुळे भरपाई मिळणार ती मालकाला. मागच्या गल्लीत एक नवी इमारत उभी राहत होती. तिथल्या बिल्डरला मी पॅलेटचं जुनं लाकूड दिलं होतं, म्हणून त्याने दिवाळीपर्यंत एक गाळा हमीदभाईंसाठी अडवून ठेवायचं कबूल केलं. तीस वर्षं भाड्याने काढलेल्या माणसाला साठीत स्वतःचं शटर मिळणार होतं. पण पैसे कुठून आणायचे? तेव्हा एके दुपारी त्यांनी तो डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "ताई, ह्यात काय हाय का बगायचं का?"

मी त्यांना म्हणाले, 'काय हाय का' म्हणजे काय, त्या एका नाण्यात आज रावेतला फ्लॅट येतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मी थट्टा करते आहे असंच त्यांना वाटतंय.

ती फाइल उघडणं म्हणजे नुसतं क्लिक करणं नव्हतं. नवीन सॉफ्टवेअर घातलं तर ते आधी जगातल्या सगळ्या बिटकॉइन व्यवहारांची वही उतरवून घेत बसलं. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत कोणी कोणाला काय दिलं ते सगळं. ते पूर्ण होईपर्यंत त्याला आपलं नाणंही दिसत नाही. दुकानाच्या इंटरनेटवर त्याला अकरा दिवस लागले. मी रोज टेंपो रवाना केला की तिथे जायचे आणि स्टुलावर बसायचे. टायरवाला विचारायचा, किती टक्के? हमीदभाई आकडा सांगायचे. एकदा मधेच लाइट गेली आणि आकडा दोन टक्क्यांनी मागे आला, तर मी वायरमनला फोन करून शिव्या दिल्या. हमीदभाई म्हणाले, "घाई केली की स्क्रूचे आटे जात्यात, ताई. मग घट बी बसत न्हाई आन निघत बी न्हाई."

अकरा दिवस झाल्यावर त्यांनी सॉफ्टवेअर बंद केलं, जुन्या फाइलच्या आधी तीन नकला काढल्या, मग त्यातली एक सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि ते परत चालू केलं. ते म्हणालं, फाइल जुन्या पद्धतीची आहे. त्याला जी सुधारणा करायची होती ती करू दिली. मग पुन्हा एक पट्टी हळूहळू भरत गेली, आणि शेवटी वरच्या कोपऱ्यात आकडा आला. एक, टिंब, आणि पुढे चुरा. हमीदभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला म्हणाले, टिंब कुठं हाय ते नीट बगा. मी बघितलं. टिंब बरोबर जागी होतं.

पण आकडा दिसणं वेगळं आणि नाणं हलवणं वेगळं. हलवायला पासवर्ड लागतो. हमीदभाईंनी पासवर्ड घातला होता हे त्यांना आठवत होतं. पासवर्ड काय होता ते नेमकं आठवत नव्हतं. आपल्या उस्तादाचं नाव आणि जुन्या मोपेडचा नंबर, एवढं नक्की. पण नाव आधी की नंबर, मधे जागा होती की नाही, नावाचं स्पेलिंग कसं लिहिलं, पुढे आणखी काही जोडलं का. त्यांनी घातला. चूक. परत घातला. चूक. मी म्हणाले, सांभाळून, बँकेसारखं बंद पडेल.

"न्हाई पडत," ते म्हणाले. "ह्याला राग येतच न्हाई. लाख येळा चुका, त्यो त्येवढ्याच थंडपणानं न्हाई म्हणतो."

मला राग न येणाऱ्या गोष्टींचा फार राग येतो. पुढचे पंधरा दिवस मी त्या पडद्याकडे बघत बसले आणि हमीदभाई एकेक करून घालत राहिले. भांडायला समोर कोणी नव्हतं. ज्याला धमकी देता येत नाही, ज्याचा साहेब नाही, ज्याच्या दारात जाऊन बसता येत नाही, असल्या गोष्टीशी माझी गाठ तोवर पडली नव्हती. आकडा वर तसाच चमकत होता. एखाद्याच्या घराला कुलूप असावं आणि काचेतून आतलं जेवणाचं ताट दिसावं, तसं.

विसरलेले पासवर्ड शोधून देणारी माणसं असतात असं कळलं. तळेगावचे एक निवृत्त प्राध्यापक स्कूटरवरून आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि सांगितलं की फाइल मला देऊ नका. तिच्यातला एक छोटा तुकडा मी इथेच तुमच्यासमोर काढतो. त्यावर पासवर्ड ओळखता येतो, पण नाणं हलवता येत नाही. ओळखला तर तुम्हाला सांगेन, तुमचं तुम्ही हलवा. मला पाचवा हिस्सा द्यायचा. मी म्हणाले, पाचवा हिस्सा? नुसतं ओळखण्याचा? मी दहाव्यावर आले, त्यांनी मान हलवली. मी आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, कमी घेईन तर तेवढा वेळ देणार नाही, आणि वेळ नाही दिला तर निघणार नाही. मी म्हणाले, मग राहू द्या. त्यांनी हेल्मेट घातलं आणि गेले. हमीदभाईंसारखाच माणूस समोर बसला होता, जवळपास त्यांच्याच शब्दांत बोलत होता, आणि मला तो ओळखता आला नाही.

मग मी माणच्या त्या इंजिनिअरला शोधून काढलं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीतून मिळाला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, दर वाक्याला मॅडम. त्याने बारा टक्के मागितले. मी सहा म्हणाले. तो लगेच सातवर आला. मला इतका आनंद झाला की मी रसवंतीवाल्याला सगळ्यांसाठी रस सांगितला. आज लिहिताना हात थांबतो. लाकडाच्या बाजारात मी वीस वर्षं शिकले आहे की जो भाव पटकन खाली आणतो त्याच्या फळीत कीड असते. सागवानात मी ही चूक कधी केली नाही.

तो म्हणाला, माझ्या घरी मोठी मशीन आहे, रात्रंदिवस चालवावी लागेल, त्यामुळे पूर्ण फाइल द्या, आणि पासवर्डमध्ये काय काय असू शकतं ते एका कागदावर लिहून द्या.

हमीदभाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्यांच्या दुकानात मालकाच्या पाठीमागे मशीन उघडलं जात नव्हतं, आणि इथे फाइल माणला जाणार होती. मी म्हणाले, अहो, मूळ फाइल कुठे देतोय? मूळ डब्यात आहे. काढून ठेवलेल्या नकलांतली एक द्या. आमच्या भागात जमिनीचा व्यवहार असो नाहीतर कर्जाचा, मूळ कागद हातचा सोडायचा नाही, झेरॉक्स द्यायची, हे शेंबड्या पोराला कळतं. ज्याच्याकडे मूळ त्याची जमीन. मी ते मोठ्या तोऱ्यात म्हणालेही, की झेरॉक्स देतोय, मूळ आपल्याकडेच आहे.

हमीदभाई हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही नक्कल तसली न्हाई."

मी म्हणाले, "तुम्ही गप्प बसा हो. व्यवहार मला कळतो."

ते गप्प बसले. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्या फाइलची झेरॉक्स नसतेच. जिच्यात किल्ली आहे तिची प्रत म्हणजे दुसरी किल्ली. आणि जो आधी दार उघडेल त्याचं घर. सगळा जन्म ज्या रीतीने त्यांनी लोकांचं वाचवलं, ती रीत इथे उलटी फिरत होती. पण दिवाळी जवळ आली होती, गाळा अडवून ठेवला होता तो माझ्या शब्दावर, आणि सौदा जिंकून मी फुगले होते. त्यांनी पेनड्राइव्हवर फाइल घातली, शर्टाच्या टोकाने तो पुसला आणि त्या माणसाच्या हातावर ठेवला. मग फुलस्केप कागद घेतला. उस्तादाचं नाव, आईचं नाव, मोपेडचा नंबर, बार्शीजवळचं त्यांचं गाव, थोरल्या मुलीचं घरातलं नाव, वारलेल्या धाकट्याचं नाव. पान भरलं. वारलेल्या मुलाचं नाव मला तोवर माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या स्टुलावर बसून मला जे माहीत नव्हतं, ते त्यांनी एका परक्या माणसाला सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

तो कागद त्याने तीन आठवड्यांनी घडी करून परत आणून दिला. म्हणाला, सॉरी मॅडम, सगळं करून बघितलं, नाही निघालं. एक पैसा घेतला नाही. मला त्याचं कौतुक वाटलं. चहा पाजला मी त्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हमीदभाईंचा फोन आला, की सवड असंल तर येऊन जा. मी गेले. सॉफ्टवेअर उघडं होतं. वरच्या कोपऱ्यात शून्य होतं, आणि खाली यादीत एक नवीन ओळ होती : पाठवले. तारीख आदल्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे आमच्याकडे चहा पिताना नाणं त्याच्याकडे पोचलेलं होतं. ते ज्या पत्त्यावर गेलं तो पत्ताही समोर लिहिलेला होता, अक्षरं आणि आकडे एकाला एक चिकटलेले. सगळं उघड होतं. चोर कुठे राहतो तेवढं सोडून चोरीची प्रत्येक गोष्ट त्या पडद्यावर होती.

मी टेबलावर हात आपटला, ओरडले, फोन लावले. फोन बंद. माणला गेले तर खोली रिकामी, घरमालक म्हणाला आठवड्यापूर्वीच बंगलोरला जातो म्हणत होता. ज्याने ओळख दिली त्याचाही तो फक्त ओळखीचाच निघाला. तक्रार द्यायला गेले. साहेब चांगले होते, खुर्ची दिली, सगळं लिहून घेतलं. त्यांनी विचारलं, फाइल जबरदस्तीने घेतली का? मी म्हणाले, नाही, आम्ही दिली. पासवर्ड? त्याचा कागदही आम्ही दिला. काही लेखी? तेही नाही. एक खिळ्याचं खोकं मी पावतीशिवाय घेत नाही, आणि इथे तोंडी सौदा जिंकण्याच्या नादात कागदच केला नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ताई, प्रयत्न करू. तो 'करू' अजून चालू आहे.

हमीदभाई मला काही बोलले नाहीत. मी वाट पाहिली. भांडले असते तर मी उलट भांडले असते आणि मोकळी झाले असते. ते फक्त म्हणाले, "त्यो निघालं न्हाई म्हणाला तवाच मला कळायला पायजे होतं. न्हाई निघालं तर माणूस मान खाली घालून सांगतो. त्यो माझ्या तोंडाकडं बगून बोलला."

दिवाळीनंतर तो नवा गाळा एका मोबाइलवाल्याने घेतला. जानेवारीत रस्त्याची ओळ पाडली. हमीदभाईंनी शेवटच्या दिवसापर्यंत स्टूल बाहेर ठेवलं होतं, आणि एक मुलगा कीबोर्ड घेऊन आला तर त्याला बसवून काम पुरं करून दिलं. मग बार्शीला मुलीकडे गेले. तिथे जावयाच्या किराणा दुकानात एका कोपऱ्यात टेबल टाकलंय, असं ऐकते. सणाला फोन करतात. शेडची चौकशी करतात, माझ्या गुडघ्याची करतात. तो विषय निघत नाही.

जायच्या दिवशी बायको रिक्षात बसली होती, सामान चढलं होतं, आणि ते बिस्किटाचा डबा घेऊन माझ्याकडे आले. उघडून दाखवला. फडक्यात गुंडाळलेली ती जुनी डिस्क. वर त्यांच्या अक्षरात त्यांचं नाव.

"हे तुमच्याकडं ठिवा, ताई," ते म्हणाले. "मूळ आपल्याकडंच हाय."

त्यात टोमणा नव्हता. मी त्यांचा चेहरा नीट पाहिला, टोमणा असता तर बरं झालं असतं.

तो डबा माझ्या ऑफिसात कपाटावर आहे. रोज सकाळी, पहिला टेंपो भरायच्या आधी, नाणं ज्या पत्त्यावर गेलं तो पत्ता मी कॉम्प्युटरवर उघडून बघते. नाणं तिथेच आहे. दीड वर्ष झालं, तू ते हलवलेलं नाहीस. भितोस की भाव चढायची वाट बघतोस ते मला माहीत नाही. साऱ्या जगाला दिसतंय आणि तुझ्याशिवाय कोणाला हात लावता येत नाही. मलाही नाही.

तू मराठी वाचतोस. हमीदभाईंनी लिहिलेला कागद तू मोठ्याने वाचून घेतला होतास, वारलेल्या मुलाच्या नावासकट. म्हणून हे तुझ्यासाठी लिहिते. बार्शीला जा. आतारांच्या जावयाचं किराणा दुकान विचारलंस तर कोणीही दाखवेल. कोपऱ्यात टेबल आहे, समोर स्टूल असेल, कारण ते असतंच. त्या स्टुलावर बस आणि त्यांना सांग, त्या पानावरच्या कुठल्या नावाने दार उघडलं. त्यांना तेवढंही माहीत नाही. तुला त्या दुकानात कोणी आणलं, याचं माझ्या वाट्याचं उत्तर मी इथे लिहून दिलं आहे. आता तुझं दे.